उशाशी जळणारे औषध

आमच्या भागात कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही, त्याला औषध म्हणतात. पऱ्हाटीवर औषध मारतात, गोठ्यात औषध शिंपडतात, आणि जिवाला कंटाळून कोणी बाटली तोंडाला लावली तर त्यानेही ‘औषध घेतले’ असेच गावात सांगितले जाते. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूच्या एका खेड्यात, गेली एकवीस वर्षे मी कृषी सेवा केंद्र चालवतो. त्यामुळे हा शब्द दिवसातून पन्नास वेळा माझ्या कानावर पडतो आणि जवळजवळ तितक्याच वेळा माझ्या तोंडूनही निघतो.

पावसाळा लागला की दुकानात शेतीच्या औषधांच्या जोडीने दुसरीही मागणी सुरू होते. “भाऊ, मच्छरचं औषध द्या, जरा जालीम द्या,” असे म्हणत माणसे येतात. काउंटरच्या डाव्या बाजूच्या फळीवर मी कॉइल, मशीनच्या द्रवाच्या बाटल्या आणि अंगाला लावायची मलमे ठेवतो. उजव्या बाजूला कुलपाच्या कपाटात शेतीची औषधे असतात. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, आणि कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या वर्षापासून उजव्या कपाटातले काही देताना हातमोजे, तोंडावरचे फडके, वाऱ्याची दिशा, उपाशीपोटी फवारणी न करणे हे सगळे मी न चुकता सांगतो आणि लोकही ऐकून घेतात. डाव्या फळीबद्दल मात्र एकवीस वर्षांत मला कोणी काही विचारले नाही आणि मीही अलीकडेपर्यंत आपण होऊन कोणाला काही सांगितले नाही. हे लिहायला बसण्याचे खरे कारण तेच आहे.

वास्तविक या दोन्ही बाजूंचा माल एकमेकांचा भाऊबंद आहे. बोंडअळीसाठी मारले जाणारे सायपरमेथ्रिन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रिन आणि कॉइलमध्ये किंवा मशीनच्या बाटलीत असणारे अ‍ॅलेथ्रिन, प्रॅलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन ही सगळी पायरेथ्रॉइड कुळातली रसायने आहेत. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात पायरेथ्रिन नावाचे कीटकनाशक निसर्गतःच असते. त्याची नक्कल करून १९४९ साली अ‍ॅलेथ्रिन हे पहिले कृत्रिम पायरेथ्रॉइड तयार झाले आणि पुढे १९७० च्या दशकात उन्हातही टिकणारी पायरेथ्रॉइडे आल्यावर ती शेतात उतरली. कीटकाच्या मज्जातंतूतील सोडियमची दारे ही रसायने उघडीच ठेवतात, त्यामुळे तंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होतो, कीटकाला झटके येतात आणि तो उताणा पडतो. माणसाचे यकृत हीच रसायने बऱ्यापैकी लवकर मोडून काढते, म्हणून आपण त्याच खोलीत झोपूनही सकाळी उठतो. परंतु आपल्याला त्यांचा स्पर्शच होत नाही असे नाही. लॅम्डाची फवारणी करून आलेला गडी संध्याकाळी “तोंड चुणचुणते” म्हणून गाल चोळत असतो, ती चुणचुण म्हणजे त्याच्या कातडीखालच्या मज्जातंतूंवर याच रसायनाने केलेले काम असते. ती सहसा दिवसभरात ओसरते.

आपल्या देशात प्रत्येक कीटकनाशकाला, मग ते शेतातले असो वा घरातले, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी घ्यावी लागते आणि त्याच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो. लाल म्हणजे अति विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीवर लाल असायचा. डाव्या फळीवरच्या मालावर बहुधा निळा किंवा हिरवा. शेतकऱ्यांना हे त्रिकोण मी इतकी वर्षे समजावून सांगत आलो, पण त्या रंगाचा अर्थ मी स्वतःही अर्धाच लावत होतो. तो रंग एवढेच सांगतो की हे पदार्थ पोटात किंवा कातडीतून एकदम गेले तर किती मात्रेत जीव घेतील. रोज रात्री आठ तास, वर्षातून सहा महिने, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत थोडे थोडे श्वासावाटे गेले तर काय होईल, याचे उत्तर देण्यासाठी तो त्रिकोण नेमलेलाच नाही. हिरवा पाहून आपण निश्चिंत होतो, ही आपली चूक आहे, त्रिकोणाची नव्हे.

आमच्या घरात कॉइल आईच्या बाजेखाली जळत असे. पाकिटात कॉइली जोडीने एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि सोडवताना हमखास एखादी मोडते. ते तुकडे फेकून न देता आई एका डब्यात जपून ठेवायची आणि आठवड्याच्या शेवटी दोन-तीन तुकडे एकदमच पेटवायची, जेणेकरून काही वाया जाऊ नये. सकाळी पितळी ताटलीत राखेचा वेटोळा जसाच्या तसा असायचा. बोट लावले की कोसळायचा. त्या कोपऱ्यातल्या चुन्याच्या भिंतीवर हातभर उंचीचा पिवळट डाग पडला होता. दिवाळीला आम्ही त्यावर चुना मारायचो आणि होळीपर्यंत तो पुन्हा उमटायचा, पण जी भिंतीला लागते ती वस्तू छातीतही जात असेल असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

आईचा कोरडा खोकला दोन पावसाळे गेला नाही तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न चुलीबद्दल विचारला. चूल बंद होऊन बरीच वर्षे झाली असे आम्ही सांगितल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “रात्री काय लावता?” कॉइल बंद केली. तीन आठवड्यांत खोकला अर्ध्यावर आला, पुरता गेला नाही. एका माणसाच्या खोकल्यावरून सिद्धान्त मांडू नये हे मला समजते; वयही आहे, तरुणपणी फुंकलेली चूलही आहे. तरीही त्यानंतर मी कॉइलबद्दल जे सापडेल ते वाचू लागलो.

कॉइलमध्ये कीटकनाशक एक टक्क्याहूनही कमी असते. उरलेला सगळा भाग म्हणजे लाकडाचा भुसा, नारळाच्या कवटीची पूड, चिकटवण्यासाठी स्टार्च आणि रंग. म्हणजे आपण रात्रभर खोलीत प्रामुख्याने भुसाच धुमसत ठेवतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइली जाळून मोजमाप केले गेले, तेव्हा एका कॉइलमधून निघालेल्या अतिसूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरले, आणि डोळ्यांना झोंबणारा फॉर्मल्डिहाइड वायू ५१ सिगारेटींइतका निघू शकतो असे दिसले. ‘एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी’ हे वाक्य नंतर सगळीकडे फिरले ते यावरूनच. माझ्या मते ते वाक्य सांगताना थोडे तारतम्य हवे, कारण सिगारेटीचा धूर ओढणाऱ्याच्या छातीत थेट जातो आणि कॉइलचा धूर खोलीभर पसरतो. मात्र आपल्याकडची खोली दहा बाय दहाची असते, खिडकी डासांसाठीच बंद केलेली असते आणि त्या धुरात चार महिन्यांचे बाळही झोपलेले असते, हेही त्याच तारतम्यात धरावे लागेल. दम्याच्या रोग्याला तर हा धूर उघड उघड वर्ज्य आहे. शिवाय विस्तवाचा धोका निराळाच. कॉइल लोळून अंथरुणावर पडते, गादीतला कापूस लौकर पेट घेत नाही पण धुमसतो, आणि बंद खोलीत धुमसणाऱ्या गादीचा कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला जाग येऊ देत नाही.

मग मशीन लावावे, असे कोणीही म्हणेल. धूर नाही, राख नाही, ही गोष्ट खरी, आणि दोहोंतून एक निवडायचे असेल तर मी मशीनच निवडेन. परंतु गावाकडे मशीनला पहिली अडचण विजेची. ऐन रात्री लाइन गेली की मशीन थंड पडते आणि माणूस अंधारात कॉइलच चाचपडतो. दुसरी गोष्ट अशी की त्या बाटलीतला बहुतेक द्रव हा वास काढून टाकलेल्या केरोसिनच्या जातीचा असतो आणि कीटकनाशक त्यात एक-दोन टक्केच असते. ही माहिती मला कागदावरून नव्हे, शेजारच्या घरातून समजली. अडीच वर्षांच्या पोराने भिंतीतल्या सॉकेटमधून बाटली ओढून काढली आणि तोंडाला लावली. घोटभरच गेले असेल. आजीने घाबरून मिठाचे पाणी पाजून त्याला उलटी करवली, आणि मीही तेथे उभा राहून ‘करवा, करवा’ म्हणत होतो. दवाखान्यात पोचेपर्यंत पोराचा श्वास घरघरू लागला होता. केरोसिन पोटात जाण्यापेक्षा उलटीवाटे फुप्फुसात उतरणे अधिक घातक, म्हणून अशा वेळी उलटी अजिबात करवायची नसते, हे डॉक्टरांनी आम्हा सर्वांना चढ्या आवाजात सांगितले. पोरगा चार दिवसांनी बरा होऊन घरी आला. मी दुकानात जाऊन बाटलीचा खोका हातात घेतला. तेच वाक्य त्यावर तांदळाच्या दाण्याहून बारीक अक्षरात छापलेले होते. अशी शेकडो खोकी तोवर मी विकली होती.

त्या दिवसापासून आणखी एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतो : काही झालेच तर बाटली किंवा पुडा सोबत घेऊन दवाखान्यात जा. पायरेथ्रॉइडवर खास असा उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार होतात; मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फरस औषधांवर अ‍ॅट्रोपीन द्यावे लागते. डॉक्टरने कोणता रस्ता धरायचा हे त्या बाटलीवर ठरते. आणि ही दुसऱ्या जातीची औषधे घरात येतच नाहीत असे कोणी समजू नये. “भाऊ, फवारणीतलं थोडं उरलं आहे, घरात मारलं तं चालते काय?” हा प्रश्न दर ऑगस्टमध्ये येतो, आणि जो विचारतो तो तरी शहाणा, न विचारता मारणारे अधिक आहेत. पिसवा झाल्या, ढेकूण झाले, मच्छर वाढले की पंपात उरलेले बाजेखाली, धान्याच्या कोठीमागे, लेकरे जिथे रांगतात त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर शिंपडले जाते. शेतात ऊन, वारा, पाऊस त्या औषधाला झिजवतात. घरात यातले काहीच नसते, म्हणून ते भिंतीत आणि जमिनीत कितीतरी अधिक दिवस राहते.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या गोठ्याला लागून गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद आहे. आरोग्य सेवकाने त्यात गप्पी मासे आणून सोडले होते, कारण हे मासे डासांच्या अळ्या खातात. वर्षभरात त्यांची संख्या इतकी वाढली की हौदाच्या कडेला सावली पडली तर पाण्यात रेघ हलल्यासारखी दिसे. भादव्यात गुरांना गोचिडे फार झाली. डेल्टामेथ्रिन लिटरला दोन मिली या मापाने पाण्यात मिसळून मी गोठ्याच्या भिंती, गव्हाणीची फळी आणि खांबांच्या फटी फवारल्या. गुरे बाहेर बांधली होती, तोंडाला फडके होते, हातात मोजे होते. जे जे मी गिऱ्हाइकाला सांगतो ते सगळे केले. मग पंप धुतला, आणि तो हौदाच्या काठावर धुतला. विसळलेले पाणी बाहेरच ओतले, पण नळी काठावर टेकवली होती आणि तिच्यात उरलेले घोटभर पाणी हौदात गळले असावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पांढरट दिसले. जवळ जाऊन पाहिले तर ते माशांची पोटे वर आलेली होती. मी चाळणीने मासे काढले, बादली अर्धी भरली. हौद रिकामा करून घासला, आणि ते पाणी कुठे सोडावे याचा विचार करत दुपारपर्यंत बसून राहिलो, कारण हौदाचा पाट थेट नाल्याला मिळतो.

माशांना पायरेथ्रॉइड सहन होत नाही. आपल्या यकृताप्रमाणे ते त्यांना झपाट्याने मोडता येत नाही, आणि एक लिटर पाण्यात मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्श्याइतके डेल्टामेथ्रिनसुद्धा कित्येक जातींच्या माशांना पुरे होते. वाहत्या गढूळ पाण्यात हे रसायन गाळाला चिकटून तळाशी बसते, म्हणजे वरचे पाणी मोकळे होते आणि तळाच्या जिवांवर संकट येते. तळाशी चतुराच्या अळ्या असतात, पाणकिडे असतात, आणि यांतले बरेचसे डासांच्या अळ्यांवरच जगणारे असतात. म्हणजे डासांवर फवारलेले औषध डासांच्या शत्रूंना आधी संपवते. त्या हौदात पंधरा दिवसांनी मी स्वतः वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या. त्या खाणारे कोणी उरले नव्हते. माझी बहीण भंडारा जिल्ह्यात धानाच्या पट्ट्यात दिली आहे. तिकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, गावोगाव आहेत आणि ढिवर समाजाचे पोट त्यातल्या माशांवर आहे. औषध भिनवलेल्या मच्छरदाण्या सरकारतर्फे वाटल्या जातात तेव्हा त्या तलावात किंवा ओढ्यावर धुऊ नयेत, त्यांनी मासेही धरू नयेत, असे सांगितले जाते. त्यामागचे कारण हेच. मधमाशांचीही तीच गत आहे, आणि मांजराच्या यकृतालाही ही रसायने नीट मोडता येत नाहीत.

धूर फवारणीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिचा गाजावाजा जितका तितका उपयोग नाही. डेंग्यूचा एखादा रोगी निघाला की ग्रामपंचायत मशीन फिरवते; पाच लिटर मॅलेथिऑन पंचाण्णव लिटर डिझेलमध्ये, असे तिचे प्रमाण. पोरे त्या पांढऱ्या ढगात शिरून मशीनमागे धावतात आणि मोठी माणसे ओट्यावर बसून कौतुक पाहतात. २०१५ साली कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने मॅलेथिऑनला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले. त्या धुराने उडते डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना आणि भांड्याच्या कडेला चिकटलेल्या अंड्यांना तो स्पर्शही करत नाही. साथ भडकली असताना त्याचा उपयोग आहे, एरवी तो सरपंचाच्या समाधानासाठी आहे असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

‘आम्ही केमिकल वापरतच नाही’ म्हणणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. कडुलिंबाचा ओला पाला आणि गोवऱ्या जाळून गोठ्यात केलेला धूर डास पळवतो, पण सूक्ष्म कण त्यातही असतात, आणि तो धूर ओसरीवर घेणारी माणसे गुरांइतकाच तो ओढतात. निंबोळीचे तेल अंगाला लावणे वेगळे आणि ‘नैसर्गिकच आहे’ म्हणून बाळाला थेंबभर चाटवणे वेगळे. तान्ह्या मुलांना ते पाजल्यामुळे उलट्या, झटके आणि मृत्यू झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. कापराची वडी लहान मुलाने खाल्ली तर थोड्या वेळातच झटके येऊ शकतात. ट्रंकेतल्या डांबर गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात, आणि ज्यांच्या रक्तात जी६पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात. बारशाला ट्रंकेतून काढलेले जरीचे अंगडे-टोपडे न धुता, न वाळवता बाळाला घालण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे, आणि दोन दिवसांनी बाळ पिवळे पडले की दृष्ट काढली जाते.

डाव्या फळीवर सुगंधी ‘मच्छर अगरबत्ती’ही काही काळ होती. एक फिरता विक्रेता पुडके ठेवून गेला होता. वर तुळशीचे चित्र, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ असा दावा, किंमत दहा रुपये. नोंदणी क्रमांक नाही, त्रिकोण नाही, आत काय आहे त्याचे नाव नाही. एक काडी लावली तर दहा मिनिटांत डास टपाटप खाली पडले. तुळशीने डास असे पडत नाहीत, एवढे तरी कृषीचे शिक्षण घेतलेल्या माणसाला समजायला हवे होते. मला समजले, पण पुडके संपल्यावर. आता कोणतीही वस्तू घेताना मी प्रथम नोंदणी क्रमांक शोधतो.

अंगाला लावायच्या मलमांबद्दल माझे मत त्या मानाने बरे आहे. ती डास मारत नाहीत, त्याला आपला गंध लागू देत नाहीत. १९४६ साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेले डीट १९५७ पासून सामान्यांच्या हाती आले आणि जगभर वापरले गेले. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेने डेपा नावाचे तशाच कामाचे रसायन विकसित केले. बेतानेच लावले तर या वस्तू फारशा त्रास देत नाहीत. पण बेत पाळला जात नाही. मलम उघड्या अंगापुरतेच लावायचे, कपड्याखाली नाही, जखमेवर नाही, लहान मुलाच्या तळहातावर तर नाहीच, कारण ते हात तोंडात जातात. आणि घरात आल्यावर धुऊन टाकायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मुळीच लावायचे नाही. आमच्याकडे जागलीला जाणारा गडी ते तेलासारखे चोपडतो आणि त्याच हाताने तंबाखू मळतो.

इतके लिहिल्यावर कोणी असे समजेल की मी सगळेच बंद करायला सांगतो आहे. आईसुद्धा तसेच समजली. “आमच्या वक्ती डीडीटीवाले येत, भिंती पांढऱ्या करून जात. कोन मेलं त्यानं?” असे ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे, आणि १९६५ च्या सुमारास ती संख्या लाखाच्या आसपास आली, ती प्रामुख्याने त्याच पांढऱ्या भिंतींमुळे. पुढचा भाग तिला माहीत नव्हता. डासांना डीडीटी पचू लागले, १९७६ साली रोगी पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले, आणि डीडीटी चरबीत साठत साठत दुधात उतरते हेही दिसून आले; १९८९ मध्ये शेतीत त्यावर बंदी आली. आज तीच वाट पायरेथ्रॉइडची चालू आहे. खेड्यापाड्यात गोठ्यांच्या आसऱ्याने राहणारा, हिवताप पसरवणारा अ‍ॅनाफिलिस क्युलिसिफेसिस डास देशाच्या बऱ्याच भागात त्यांनाही दाद देईनासा झाला आहे. शेतात फवारा, गोठ्यात फवारा, घरात मशीन, आणि सगळ्यांत एकच कूळ. डासाला सराव व्हायला याहून चांगली शाळा कोणती?

आणि आजार तर समोर उभे आहेतच. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा गडचिरोलीचा असतो. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात हत्तीपाय आहे. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाचे नाव तर एका विषाणूलाच मिळाले आहे. १९६५ साली तो तिथे सापडला, वाळूमाशी चावून तो पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला तो काही तासांत ग्रासतो. भिंतींच्या भेगा बुजवणे, शेणाचा उकिरडा घरापासून लांब नेणे, हे वाळूमाशीवरचे उपाय मी मनापासून करतो, कारण त्यात विकत घेण्यासारखे काही नाही. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, ही गोष्ट तर मला सर्वांत हास्यास्पद वाटते, कारण आपण रात्रभर कॉइल जाळतो आणि दुपारी, पोरे शाळेतून येऊन ओसरीवर लवंडतात तेव्हा, काहीच लावत नाही. त्या डासाचे घर आपल्या घरातच असते, विशेषतः कूलरमध्ये. विदर्भात उन्हाळ्यात कूलर नाही असे पक्के घर सापडणे कठीण, आणि पावसाळा लागल्यावर त्याच्या टाकीतले पाणी काढून टाकणारे घर सापडणे त्याहून कठीण. एडिसची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी फेकणे पुरत नाही, कडा घासावी लागते. आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य खाते आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगते.

आमच्या घरी तो मंगळवार आहे. त्या दिवशी रांजण, न्हाणीतला पिंप, फ्रीजमागची ताटली आणि कूलर, सगळे उपडे होते. खिडक्यांना जाळी लावली. तिला कॉइलीच्या वर्षभराच्या खर्चाहून जास्त पैसे पडले, हे आईने दोनदा ऐकवले. बाजेला चार काठ्या बांधून मच्छरदाणी आली. तिच्या आत वारा लागत नाही ही तक्रार रास्त आहे. मे महिन्याच्या रात्री मीसुद्धा ती वर फेकून झोपतो. मशीन आहे, ते झोपण्यापूर्वी तासभर लावतो आणि मग ते बंद करून खिडकी उघडतो. बाटली सॉकेटमध्ये ठेवत नाही, माळ्यावर ठेवतो.

आरोग्य सेवक जूनमध्ये पुन्हा आला आणि बरणीभर गप्पी हौदात सोडून गेला. मागचे मासे कशाने मेले हे त्याने विचारले तेव्हा मी खरे सांगितले. त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि म्हणाला, “भाऊ, तुमचंच तं दुकान आहे ना?” सौभाग्यवतींनी हौदापासून विहिरीच्या बांधापर्यंत चुन्याची एक रेघ मारून ठेवली आहे, फवाऱ्याचा पंप त्या रेघेच्या अलीकडे आणायचा नाही. पावसाने ती दर आठवड्याला पुसली जाते आणि मंगळवारी हौद घासून झाला की उरलेल्या चुन्याने त्या ती पुन्हा मारतात.